ठाव लागेपर्यंत : समुद्राला घाबरणाऱ्या माणसाला पाण्यात नेताना

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ या म्हणीनं समुद्राला घाबरणाऱ्या माणसांचं फार नुकसान केलं आहे. तिच्या जोरावर कुणीतरी हात धरून ओढतं, कुणीतरी मागून पाणी उडवतं, बाकीचे हसतात. घोटाभर पाण्यात जायची ज्याची कशीबशी तयारी झाली होती, तो मग पुढची दहा वर्षं वाळूवर सगळ्यांच्या चपला राखत बसतो.

दुसरं नुकसान ‘काही होत नाही गं’ या वाक्यानं होतं. समुद्रात होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. यात नद्या, तळी, विहिरी सगळं आलं, पण पाणी धोक्याचं आहे हे घाबरणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटं नाही. त्याला फक्त कोणता समुद्र धोक्याचा आणि कोणता आजच्यापुरता बरा, हा फरक दिसत नाही. सगळंच पाणी एकसारखं अंगावर येतं. म्हणून मदत करणाऱ्याची कामं दोन : समुद्र वाचून दाखवणं, आणि ‘आता बाहेर’ हे ठरवायचा हक्क पूर्णपणे त्याच्या हातात देणं. भीती ‘मोडायच्या’ मागे लागलेली माणसं बहुतेक वेळा दुसऱ्या कामात नापास होतात.

आधी नक्की कशाची भीती आहे ते विचारा. ‘समुद्राची’ हे उत्तर पुरेसं नाही. कुणाला नाकातोंडात पाणी जाण्याची भीती असते, कुणाला लाटेच्या आवाजाची, कुणाला पायाखालची वाळू सरकण्याची. कुणाला पायाला काहीतरी चाटून जाईल असं वाटतं, कुणाला खालचा काळोख आणि खोली नको वाटते, तर कुणाला समोर काठच दिसत नाही याचीच धडकी भरते. ज्याला खोलीची भीती आहे त्याला तासभर घोटाभर पाण्यात उभं करून काहीच साधत नाही. ज्याला नाकात पाणी जाण्याची भीती आहे त्याला तर सुरुवातीला समुद्राची गरजही नाही, बादली पुरते. आणि कधीकाळी खरोखर बुडता बुडता वाचलेला किंवा कुणाला बुडताना पाहिलेला माणूस असेल, त्याला स्वप्नं पडत असतील, नुसत्या विषयानंही अंग कापत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे. तिथे हौशी मदत नको. फिट येण्याचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

पायरी पायरीनं भीतीच्या जवळ जाण्याची रीत जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. मूल आवडीचं खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती. पुढे जोसेफ वोल्पे यांनी भीती मोजायला ० ते १०० अशी पट्टी दिली. किनाऱ्यावर ० ते १० पुरते. शून्य म्हणजे घरच्या खुर्चीत, दहा म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता पळ’. काम ४ ते ६ च्या दरम्यान करायचं. ३ च्या खाली नवं काही शिकणं होत नाही, ७ च्या वर गेलं की माणूस ऐकतच नाही, फक्त सोसतो. आकडा कमी होऊन निम्म्यावर आला की पुढची पायरी. त्याला पाच मिनिटं लागतील किंवा पाच दिवस.

याबरोबर एक शब्द ठरवून घ्या. ‘थांब’ हा चांगला. तो उच्चारला की जिथे आहात तिथे थांबायचं. दुसऱ्यांदा उच्चारला की बाहेर. का, कशाला, अजून जरासं, असलं काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी हा शब्द मुद्दाम दोनदा वापरायला लावा, काही झालेलं नसताना. शब्द खरंच चालतो हे कळल्यावर माणूस तो कमी वापरतो. एकदा जरी तुम्ही तो डावलला, तरी सगळं काम पहिल्यापासून.

घरचं काम मोठ्या घमेल्यात किंवा बादलीत. कोमट पाणी, चेहरा कपाळापर्यंत आत, तोंड मिटून नाकानं गुणगुणत श्वास सोडायचा. गुणगुणताना हवा नाकातून बाहेर येत राहते, म्हणून पाणी आत शिरत नाही. पाच सेकंद, दहा वेळा, रोज. यात बहुतेकांची एक सवय दिसते : चेहरा वर आला रे आला की दोन्ही हातांनी तोंड पुसणं. ही सवय घरीच सुटली पाहिजे. लाटांमध्ये हात तोल सांभाळायला लागतात. दोन सेकंद दोन्ही हात डोळ्यांवर गेले की पुढची लाट नेमकी तेव्हाच येते. पाणी निथळू द्यायचं, डोळे मिचकावायचे, बस्स. शॉवरखाली तोंड न पुसता एक मिनिट उभं राहणं हा याचाच सराव.

त्यानंतर तलाव, म्हणजे पोहण्याचा, कंबरभर पाण्याचा. इथे पोहायला शिकवायची घाई करू नका. आधी तरंगणं आणि, त्याहून महत्त्वाचं, तरंगत असताना पुन्हा उभं राहणं. लोक तरंगायला घाबरत नाहीत, ‘आता पाय खाली कसे न्यायचे’ याला घाबरतात. उताणं असताना हनुवटी छातीकडे आणायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, हात मागून पुढे पाण्यातून ओढायचे, आणि अंग सरळ झालं की पाय खाली सोडायचे. पालथं असताना गुडघे पोटाखाली घ्यायचे, दोन्ही तळहात पाण्यावर खाली दाबायचे आणि मग डोकं वर. डोकं आधी वर काढलं की धडपड होते. प्रत्येकी वीस वेळा न चुकता जमलं की समुद्राची निम्मी भीती तलावातच उतरते.

तलावातच आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. पाणी मानेपर्यंत आलं की ते छातीला सगळीकडून दाबतं आणि श्वास आत घ्यायला जास्त जोर लागतो. हे सगळ्यांना होतं. आधी माहीत नसेल तर घाबरलेला माणूस याचा अर्थ ‘मला गुदमरायला होतंय’ असा लावतो. श्वास सोडणं लांबवायचं : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पण बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायला कधीही सांगू नका. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो.

आता समुद्र. पहिल्या दिवशी पाण्यात जायचंच नाही, असं जाहीर करून जा आणि ते पाळा. वाळूवर उंच जागी बसून वीस मिनिटं लाटा मोजा. लाटा सारख्या उंचीच्या नसतात, झुंडीनं येतात : काही लहान, मग चार-सहा मोठ्या, मग पुन्हा शांत. हवामानाच्या अ‍ॅपवर दिसणारी लाटांची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची लाट येणं हे नेहमीचंच. दोन लाटांमधला वेळही पाहा. तो १२ सेकंद किंवा जास्त असेल तर लाट दूरवरून आलेली असते, दिसायला बेताची पण ताकद बरीच. नवख्यासाठी काठावर ३० सेंटीमीटरच्या आतली लाट बरी.

मग हे दाखवा : लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे ३० सेंटीमीटरची लाट जिथे फुटतेय तिथलं पाणी जेमतेम गुडघाभर. ज्याला खोलीची भीती आहे त्याला हे कळणं म्हणजे डोळ्यांनी तळ दिसल्यासारखं असतं. याच नियमाची दुसरी बाजू जास्त मोलाची. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या एका पट्ट्यात फुटतच नाहीत, तर तिथे पाणी खोल आहे. काठावर आलेलं पाणी बहुधा त्याच वाटेनं परत जातं. हाच रिप करंट. वर फेस समुद्राकडे वाहताना दिसतो, पाणी जरा गडद किंवा गढूळ, पृष्ठभाग चुळबुळता. घाबरणारा माणूस नेमका तोच पट्टा ‘शांत’ म्हणून निवडतो. याचा वेग कधी सेकंदाला २ मीटरच्या वर जातो. पट्टीचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध टिकत नाही. पण तो माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे ढिला पडतो. सापडलंच तर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर काठाला समांतर जाऊन जिथे लाटा फुटताहेत तिथून परत यायचं. काठाकडे थेट पोहत सुटलं की दम संपतो आणि माणूस त्या दमछाकीनं जातो.

समुद्र असा वाचता येऊ लागला की घाबरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यात फरक पडतो. पुढच्या खेपेपासून जागा त्यालाच निवडू द्या, तुम्ही फक्त तपासा. चुकला तर का चुकला ते वाळूत रेघा मारून दाखवा.

दिवस निवडताना अष्टमीच्या आसपासचा घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची, त्यात हा फरक कमी, म्हणून भरती-ओहोटीची ओढही कमी. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही : पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधले दोन तास टाळलेले बरे. किनारा सपाट, वाळूचा, कंबरभर पाण्यापर्यंत बराच चालत जावं लागेल असा. खडक, धक्के आणि खाडीचं तोंड यांच्यापासून लांब. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर लाट एकदम काठावर आदळते आणि माणसाला वाळूत आपटते. तिथे लाट लहान असली तरी नको. जीवरक्षक असलेलीच जागा घ्या, आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली. लाल झेंडा म्हणजे त्या दिवशी वाळूवर बसून भेळ नाही तर गप्पा, पाणी नाही.

वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर पाणी आरशासारखं दिसतं. मोह होतो. त्याच वाऱ्यानं हवा भरलेल्या गाद्या आणि ट्यूब पाहता पाहता आत जातात. असल्या फुगवलेल्या वस्तू घाबरणाऱ्या माणसाच्या हाती देऊच नका. त्यांच्या भरवशावर तो ठाव नसलेल्या पाण्यात पोहोचतो आणि हात सुटला की संपलं. लाइफ जॅकेट द्या, मापाचं. पट्टे आवळून झाल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर उचलून पाहायचं. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही सरकणार.

ओल्या वाळूवर घोटाभर पाण्यात पहिली गंमत होते. लाट परत जाताना टाचेखालची वाळू धुऊन नेते आणि पाय रुततात. त्याच वेळी खाली पाहिलं तर सरकतं पाणी पाहून आपणच मागे ओढले जातोय असा भास होतो, चक्कर येते. ही दोन्ही कारणं आधी सांगा. उपाय साधे : दर दोन-तीन लाटांनी पाय उचलून नव्या जागी ठेवायचा, आणि नजर पायाकडे न ठेवता समोर स्थिर काहीतरी, एखादा खडक, नाहीतर क्षितिज, यावर ठेवायची. जणू समुद्र पायाला धरून ओढतोय, ही कित्येकांची लहानपणापासूनची भीती इथेच विरते.

गुडघाभर पाण्यात उभं राहायची ढब बदलते. समुद्राकडे छाती करून उभं राहिलं की लाट सपाट आदळते. आडवं, एक खांदा समुद्राकडे, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल. समुद्राकडे पाठ कधीच नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. तुम्ही समुद्राच्या बाजूला, पण अगदी समोर नाही, एक हात अंतरावर तिरके. नाहीतर मोठ्या लाटेनं तुम्हीच त्याच्या अंगावर पडाल. हात धरायचा तर त्यानं तुमचं मनगट धरायचं. तुम्ही त्याचं नाही. हा फरक लहान वाटतो, पण सुटायचं कधी हे मग त्याच्या बोटांत असतं.

कंबरेपर्यंत आलं की लाटेबरोबर हलकी उडी : लाट अंगाला लागायच्या जरा आधी, श्वास आत घेऊन. उशीर झाला तर उडी मारायची नाही, खांदा पुढे करून वाकायचं आणि नाकातून श्वास सोडत राहायचं. तोंडावर लाट येईल, खारं पाणी नाकात जाईल, झोंबेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, अश्रूंच्या जवळपास चौपट, म्हणून डोळे चुरचुरतात. नाक शिंकरायचं, चूळ भरायला गोडं पाणी काठावर तयार ठेवायचं. याच मिठामुळे समुद्रात तलावापेक्षा अंग थोडं वर तरंगतं, हेही इथेच उताणं करून दाखवा, जॅकेट घालून, पाणी शांत असेल तेव्हा. कानात एकाच बाजूनं गार पाणी गेलं तर काही क्षण गरगरतं. तेही सांगून ठेवा.

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हा सगळा बेत रद्द. गार पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पहिली दोन-तीन मिनिटं तो ताब्यात नसतो. उबदार पाण्यातही अर्धा-पाऊण तास पुरे. थकवा आणि हुडहुडी शरीराला भीतीसारखीच वाटते, आणि माणूस घरी जाताना ‘शेवटी मी घाबरलोच’ एवढंच घेऊन जातो.

घाबरगुंडी उडालीच तर लांबलचक धीर देऊ नका. नाव घ्या, मग तीन-चार शब्द : ‘पाय टेकव.’ ‘श्वास सोड.’ ‘माझ्याकडे बघ.’ ‘शांत हो’ हे सांगून आजवर कुणी शांत झालेलं नाही. काठाकडे चालायचं ते आत येणाऱ्या लाटेबरोबर. पाणी परत जात असताना पाय रोवून थांबायचं. पळायचं नाही, पळताना लाट मागून गुडघ्यात बसते. पण वाळूवर पोहोचल्यावर लगेच गाडीकडे निघू नका. सर्वांत जास्त भीतीच्या क्षणी निघून गेलं की मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ असं लिहून ठेवतो. वाळूवर बसा, आकडा उतरेपर्यंत, आणि तो तयार असेल तर घोट्यापर्यंत जाऊन येऊ द्या. तयार नसेल तर नाही.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही, हेही तुम्हाला माहीत हवं. तो उभा असतो, तोंड पाण्याच्या रेषेशी वरखाली होतं, हात बाजूंना पाण्यावर दाबले जातात, आवाज नसतो, आणि हे सगळं मिनिटभरात आटपतं. म्हणून पाण्यात असताना नजर हलवू नका, फोन दुसऱ्याकडे द्या. तो तुमच्या आवाक्याबाहेर गेला आणि तुम्ही बचावाचं शिक्षण घेतलेलं नसेल तर मागोमाग उडी नको. जीवरक्षकाला हाक, तरंगणारं काहीही फेका. जीव वाचवणाऱ्याला मिठी मारून दोघं बुडतात, असं वारंवार होतं.

जिवंत काहीतरी पायाला लागेल याची भीती असेल तर पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालायला शिकवा. वाळूत दबलेला पाकट मासा पाय वर पडला तरच नांगी मारतो. चाहूल लागली की आधीच निघून जातो. खालच्या काळोखाची भीती असेल तर पोहण्याचा गॉगल लावून गुडघाभर स्वच्छ पाण्यात चेहरा बुडवून तळ पाहणं, मग कंबरभर, मग खडकाच्या कडेचा गडद पट्टा लांबून. समोर काठ नाही याची भीती असेल तर नजर समुद्राकडे न ठेवता किनाऱ्याच्या रेषेवर ठेवायची, पण खांदा समुद्राकडेच.

हात सोडवण्याचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. मनगट, मग एक बोट, मग हाताच्या अंतरावर, मग दोन पावलं, मग तुम्ही काठावर आणि तो गुडघाभर पाण्यात एकटा. ही पायरी गाळली तर माणूस समुद्रावर नाही, तुमच्यावर भरवसा ठेवायला शिकतो. मग दुसरा किनारा, दुसरी वेळ, गर्दीचा दिवस. आणि मध्ये दोन-तीन महिन्यांचा खंड पडला तर आकडा पुन्हा वर गेलेला दिसेल. त्या दिवशी गेल्या वेळी सोडलं तिथून सुरू करू नका. घोट्यापासून सुरू करा. बहुतेक वेळा तासाभरात कंबरेपर्यंत येतो.